बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाणे-येणे असलेल्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी एखाद्या शाळेच्या आवारात दोन उंच खांब समोरासमोर उभे केलेले पाहिले असतील. खांबाच्या माथ्याशी एक चौकोनी फळी, फळीला एक लोखंडी कडे, आणि कड्याखाली लोंबणारी दोऱ्याची जाळी. मुले मोठा चेंडू जमिनीवर आपटीत धावतात व त्या कड्यातून तो पार करण्याची खटपट करतात. ह्या खेळाचे नाव बास्केटबॉल. बास्केट म्हणजे टोपली. परंतु टोपली तर तेथे कोठेच दिसत नाही. हे नाव कसे पडले, आणि ज्याने हा खेळ काढला त्याने तो कोणत्या हेतूने काढला, ही हकीकत आम्ही आज आमच्या नांदेड व लातूरकडील मंडळ्यांपुढे ठेवीत आहो. ती सांगण्यास आम्हांस आणखी एक कारण आहे. खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, आणि उपदेशकाने त्याच्या वाटेस जाऊ नये, असे मानणारी भली माणसे आमच्यांत थोडीथोडकी नाहीत. ज्या गृहस्थाचे हे चरित्र आहे त्याच्या घरातही तशी माणसे होती, आणि त्यांच्याशी त्याचा वाद अखेरपर्यंत मिटला नाही.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म कानडा देशाच्या ऑन्टारियो प्रांतात, आल्माँट नावाच्या लहान गावाजवळ, ता. ६ नोव्हेंबर १८६१ रोजी झाला. आईबापे स्कॉटलंडकडची, प्रेस्बिटेरियन मताची व कष्टाळू होती. जेम्स नवव्या वर्षात असता, १८७० साली, विषमज्वराने बाप गेला व थोड्याच आठवड्यांत आईही गेली. जेम्स, त्याची बहीण अ‍ॅनी व धाकटा भाऊ रॉबर्ट अशी तीन लेकरे पोरकी झाली. त्यांस आजीने जवळ केले. पुढे आजीही निवर्तली, तेव्हा पीटर यंग ह्या मामाने त्यांचा सांभाळ केला. मामा शेतकरी व शिस्तीचा कडक होता. लाकूड तोडणे, घोडे हाकणे, नांगरट करणे ही कामे मुलाच्या अंगवळणी पडली. पण पुस्तकात त्याचे मन लागेना. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याने शाळा सोडली व तो रानात लाकूडतोड्यांच्या टोळीत कामास गेला.

त्या टोळ्यांत दारूचे प्रस्थ मोठे. एके दिवशी जेम्स गुत्त्यात पेला हाती घेऊन उभा असता शेजारच्या एका माणसाने त्यास ओळखले व तू अमुकबाईचा मुलगा ना, म्हणून विचारले. तुझ्या आईने तुला येथे पाहिले असते तर तिला काय वाटले असते, अशा अर्थाचे काही तो बोलला. जेम्सने पेला तसाच खाली ठेवला व पुन्हा त्या वस्तूस कधी शिवला नाही, असे सांगतात. पुढे विशीच्या सुमारास तो परत शाळेत गेला. आपल्याहून चार-पाच वर्षांनी लहान पोरांच्या शेजारी बाकावर बसणे ही किती अवघड गोष्ट आहे हे, प्रौढपणी अक्षरओळख करून घेतलेल्या आमच्या कित्येक बंधूंस विचारावे. १८८३ साली तो शालेय परीक्षा उतरला आणि धर्मोपदेशक होण्याचा निश्चय करून माँट्रियल शहरी मॅक्गिल विद्यापीठात दाखल झाला. तेथील पदवी घेऊन त्याने प्रेस्बिटेरियन कॉलेजात ईश्वरज्ञानाचा अभ्यास केला व १८९० साली तो पुरा केला.

माँट्रियलास त्यांस व्यायामाची व खेळाची गोडी लागली. त्या काळी त्या देशांत धार्मिक लोक खेळांस सैतानाचे जाळे समजत. नेस्मिथ फुटबॉल खेळू लागले तेव्हा त्यांच्या काही सहाध्यायांनी एका संध्याकाळी एकत्र जमून त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना केली. नेस्मिथांस ती गोष्ट कितीतरी वर्षांनी कळली. येथे हे सांगितले पाहिजे की, तिकडचा फुटबॉल म्हणजे आपल्या पोरांचा पायाने चेंडू ढकलण्याचा खेळ नव्हे. त्यात चेंडू काखेत घेऊन पळावयाचे असते आणि पळणाऱ्यास दुसऱ्यांनी अंगावर झेप घालून पाडावयाचे असते. हुतूतूत गडी धरतात तशी धराधरी, पण कितीतरी पट आडदांड. हाडे मोडणे व डोळे सुजणे हे त्यात नित्याचे होते.

अशाच एका सामन्यात त्यांच्या शेजारी खेळणाऱ्या गड्याचा तोल जाऊन त्याच्या तोंडून अभद्र शब्द निघाले. लगेच तो नेस्मिथांकडे वळला व तुम्ही येथे आहा ह्याचा मला विसर पडला, माफ करा, असे म्हणाला. नेस्मिथांनी त्यास शिव्यांबद्दल कधी एक शब्दही सांगितलेला नव्हता. ह्या लहानशा प्रसंगाने त्यांच्या मनात विचारांचे चक्र सुरू झाले. व्यासपीठावरून जे शिकविता येते ते मैदानावर, न बोलता, केवळ बरोबर खेळून शिकविता येईल की काय? माँट्रियलच्या वाय. एम. सी. ए. च्या, म्हणजे तरुण ख्रिस्ती संघाच्या चिटणिसाशी त्यांनी ही गोष्ट काढली. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड येथे ह्याच कामासाठी शिक्षक तयार करणारी शाळा निघाली आहे असे त्याच्याकडून समजले, आणि १८९० साली पाळकपणाची वाट सोडून ते तेथे गेले.

हा निर्णय घरी रुचला नाही. पण ती गोष्ट पुढे येईल.

स्प्रिंगफील्डच्या शाळेत व्यायामखात्याचे मुख्य डॉ. ल्यूथर गुलिक हे होते. ते मिशनरी आईबापांच्या पोटी होनोलुलू येथे जन्मलेले, नेस्मिथांहून वयाने लहान, परंतु मोठे कल्पक गृहस्थ होते. शरीर, मन व आत्मा ह्या तिहींचा विकास व्हावा हे दाखविणारा त्रिकोण वाय. एम. सी. ए. च्या चिन्हात आला तो त्यांच्याच विचाराने. १८९१ सालचा हिवाळा आला. आमचा मराठवाडा त्या वेळी निजाम मीर महबूब अली खान यांच्या अमलाखाली होता. स्प्रिंगफील्डास हिवाळ्यात बर्फ पडते व बाहेरचे सारे खेळ बंद होतात. व्यायामशाळेच्या चार भिंतींच्या आत कवायत, डंबेल्स आणि मुद्गल फिरविणे एवढेच उरते. (हे मुद्गल आपल्याच आखाड्यांतून विलायतेस गेलेले असून तिकडे त्यांस हिंदुस्थानच्याच नावाने ओळखतात.) शाळेत अठरा जणांचा एक वर्ग होता. ही काही पोरे नव्हती; वाय. एम. सी. ए. च्या चिटणिसाचे काम शिकण्यास आलेली मोठी माणसे ती. त्यांस कवायतीचा अगदी वीट आला होता. दोन शिक्षकांनी एकामागून एक त्या वर्गापुढे हात टेकले. मग गुलिकांनी तो वर्ग नेस्मिथांच्या गळ्यात घातला आणि घरात दिव्याच्या उजेडात खेळता येईल, शिकण्यास सोपा व मनास गुंतविणारा असा खेळ काढण्यास त्यांस चौदा दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथांनी आधी जुनेच खेळ घरात बसविण्याचा प्रयत्न केला. फुटबॉलातील धरून पाडणे जरा सौम्य करून पाहिले, ते खेळाडूंस मिळमिळीत वाटले. पायाने चेंडू मारण्याचा खेळ आत आणला, तर चेंडू खिडक्यांवर व भिंतीवरच्या सामानावर जाऊन आदळू लागला. लॅक्रॉस म्हणून कानडाचा जाळीच्या काठीने खेळण्याचा खेळ आहे, तोही करून पाहिला. त्यात हातातोंडास इजा झाली. मुदत संपत आली, आणि वर्ग पूर्वीइतकाच नाखूष होता.

ह्यानंतर त्यांनी जे केले ते आम्हांस त्यांच्या साऱ्या आयुष्यातील मननीय कृत्य वाटते. खेळांत फेरफार करण्याचे सोडून ते खोलीत एकटे बसले आणि खेळ कशाने बनतो ह्याचाच त्यांनी विचार केला. बहुतेक खेळांत चेंडू असतो. लहान चेंडू असला की काठी किंवा फळी लागते व ती शिकण्यास वेळ लागतो. म्हणून चेंडू मोठा व हाताने खेळण्याजोगा असावा. आता, फुटबॉल इतका दांडगा का? कारण गड्यास पाडतात. पाडतात का? कारण तो चेंडू घेऊन पळतो, व त्यास थांबविण्यास दुसरा उपाय नसतो. मग चेंडू घेऊन पळण्याचीच मनाई केली तर? ज्याच्या हाती चेंडू आला त्याने आहे त्या जागेवरून तो दुसऱ्याकडे टाकावा. मग त्यास धरण्याचे, पाडण्याचे, ढकलण्याचे कारणच राहत नाही. भांडू नका असा उपदेश खेळाडूंस करण्याऐवजी त्यांनी भांडणाचे मूळच उपटून टाकिले.

दुसरी अडचण चेंडू मारण्याच्या लक्ष्याची. लक्ष्य जमिनीवर उभे असले की जो तो सर्व शक्तीनिशी चेंडू त्यावर हाणणार. येथे त्यांस लहानपणचा एक खेळ आठवला. मामाच्या गावी लोहाराच्या भात्याजवळ एक मोठा धोंडा होता. त्यावर मुठीएवढा दगड ठेवीत व पोरे लांबून आपापले दगड मारून तो पाडीत. राखणदार पोरगा जवळ उभा असे. आमच्या लगोरीची ही जणू मावसबहीण. त्यात जो जोराने दगड भिरकावी त्याचा दगड दूर जाई, आणि तो आणण्यास जाता राखणदार त्यास गाठी. जो अलगद वरून कमान करून दगड टाकी त्याचा डाव साधे. म्हणजे जोरापेक्षा हळुवारपणास किंमत. नेस्मिथांनी ठरविले की लक्ष्य आडवे ठेवावे, तोंड आभाळाकडे. आणि ते माणसांच्या डोक्यावर टांगावे, जेणेकरून कोणास त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहता येऊ नये.

दुसरे दिवशी सकाळी त्यांनी शाळेच्या शिपायाजवळ, स्टेबिन्स त्यांचे नाव, हातभर लांबीरुंदीच्या दोन पेट्या मागितल्या. पेट्या नव्हत्या, परंतु कोठीत पीच फळांच्या दोन रिकाम्या टोपल्या पडल्या होत्या. पीच म्हणजे आपल्याकडे ज्यास सप्ताळू म्हणतात ते फळ. बुरुडाच्या दुरडीसारख्या त्या टोपल्या, तळाशी निमुळत्या व तोंडाशी रुंद. व्यायामशाळेस चोहोबाजूंनी सज्जा होता; त्याच्या कठड्यास दोन्ही टोकांना त्या खिळ्यांनी ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर आली. आज सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली तरी साऱ्या जगात कडे त्याच उंचीवर आहे. त्या दिवशी पेट्या सापडल्या असत्या तर ह्या खेळाचे नाव काय पडले असते कोण जाणे.

नेस्मिथांनी तेरा नियम लिहिले, मिस् लायन्स ह्या कारकूनबाईने ते टंकलेखन करून दिले, आणि ते फळ्यावर डकविण्यात आले. चेंडू कोणत्याही दिशेस टाकावा, पण मूठ मारू नये; तो हाती घेऊन पळू नये; खांद्याने धक्का देणे, धरणे, पाय घालणे, मारणे ह्यांची सक्त मनाई; आगळीक दुसऱ्यांदा केल्यास पुढील गोल होईपर्यंत गड्याने बाहेर बसावे; एका बाजूने लागोपाठ तीन आगळिकी केल्यास दुसऱ्या बाजूस एक गोल द्यावा, असे त्यांत होते. दोन पंच नेमलेले होते, एक माणसांवर लक्ष ठेवणारा व एक चेंडूवर. ता. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ विरुद्ध नऊ असा पहिला सामना झाला. विल्यम चेस ह्या गड्याने सुमारे पंचवीस फुटांवरून चेंडू टोपलीत टाकिला आणि सारा सामना त्या एकाच गोलावर सुटला. टोपलीस बूड असल्यामुळे चेंडू आतच राही व तो काढण्यास शिडी लावावी लागे. खेळास काय नाव द्यावे असा प्रश्न निघाला तेव्हा फ्रँक महान ह्या विद्यार्थ्याने गुरुजींचेच नाव देण्याचे सुचविले. नेस्मिथ हसले व म्हणाले की माझे नाव दिले तर कोणताही खेळ मरेल. मग त्याच विद्यार्थ्याने टोपली व चेंडू हे दोन शब्द जोडून दिले.

पुढे जानेवारी १९३९ मध्ये आकाशवाणीवरील एका कार्यक्रमात म्हातारपणी बोलताना त्यांनी ही हकीकत जरा निराळी सांगितली. आरंभीच्या खेळात गड्यांनी हाणामारी केली, डोळे सुजले, एकाचा खांदा निखळला. आणि ते पाहून चेंडू घेऊन न पळण्याचा नियम आपण कडक केला, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या पुस्तकातील सांगणे व हे सांगणे ह्यांत अंतर आहे खरे. तथापि तो एक नियम म्हणजे खेळाचा प्राण, ही गोष्ट दोन्हींत एकच आहे.

आता हा खेळ सध्या कसा खेळतात ते सांगतो, म्हणजे पुन्हा पाहण्याचा प्रसंग आल्यास वाचकांस तो उमजेल. मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद, म्हणजे सुमारे साठ हात व तेहतीस हात असते. एका वेळी प्रत्येक बाजूचे पाच गडी आत असतात. बाकीचे बाहेर बसून पाळीपाळीने आत येतात. आरंभी पंच मध्यभागी दोन गड्यांमध्ये चेंडू वर उडवितो व ते उडी मारून आपापल्या सोबत्याकडे तो ढकलतात. चेंडू हाती धरून चालता येत नाही. पुढे जावयाचे तर एका हाताने जमिनीवर टप्पे मारीत जावे. हे टप्पे मारणे नेस्मिथांच्या मूळ नियमांत नव्हते. खेळाडूंनीच ते अडचणीतून शोधून काढिले, आणि नेस्मिथांस ही युक्ती फार आवडली. टप्पे थांबवून चेंडू एकदा दोन्ही हातांत धरला की पुन्हा टप्पे मारण्याची मुभा नाही. तेव्हा एक पाय रोवून दुसऱ्या पायाने त्याभोवती वळता येते. खळ्यात मेढीभोवती बैल फिरतात तसे. मेढ हलली, म्हणजे रोवलेला पाय सरकला, की चेंडू दुसऱ्या बाजूस जातो.

कडे हातभर रुंदीचे असून चेंडूच्या जवळजवळ दुप्पट असते. तरी लांबून पाहणाऱ्यास चेंडू त्यातून जाईल असे वाटत नाही. जवळून टाकिलेल्या गोलास दोन गुण, आणि पावणेसात मीटरांवरील कमानीसारख्या रेषेबाहेरून टाकिल्यास तीन. एखाद्याने आगळीक केली तर प्रसंग पाहून ज्याच्यावर ती झाली त्यास एका ठराविक रेषेवरून, कोणीही न अडविता, चेंडू टाकू देतात. त्या प्रत्येक गोलास एक गुण मिळतो. ज्या गड्याच्या नावावर पाच आगळिकी झाल्या त्याने बाहेर जावे. तो त्या दिवशी पुन्हा आत येत नाही. चेंडू मिळाल्यापासून आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडली पाहिजे, व चोवीस सेकंदांत तो कड्यावर टाकिला पाहिजे. म्हणून चेंडू दडवून वेळ काढणे चालत नाही. दहा दहा मिनिटांचे चार डाव होतात. बरोबरी झाल्यास पाच मिनिटे आणखी खेळवितात, आणि निकाल लागेपर्यंत खेळवितात. फळी पुढे आली ती सज्ज्यातील प्रेक्षक हात खाली घालून चेंडू अडवीत किंवा आत ढकलीत म्हणून. आणि टोपलीचे बूड जाऊन जाळी आली ती शिडीवर चढण्याचा कंटाळा आला म्हणून. गडी पाचच असावेत हे १८९७ च्या सुमारास ठरले. उंच माणसास ह्या खेळात फायदा आहे हे नाकबूल करून चालणार नाही. पण ठेंगणा व चपळ गडी चेंडू पुढे नेण्यात त्यास भारी पडतो.

नियम १५ जानेवारी १८९२ रोजी शाळेच्या मासिकात छापून आले व तरुण ख्रिस्ती संघांच्या द्वारे देशोदेशी गेले. त्या पहिल्या वर्गात जपानचा एक विद्यार्थी होता, इशिकावा. पहिल्या खेळाचे चित्र त्याने काढिले. दुसरा डंकन पॅटन, पहिल्या सामन्यातील एका बाजूचा नायक. हा पुढे हिंदुस्थानात आला, आणि १८९४ साली त्याने हा खेळ येथे आणला अशी नोंद खुद्द नेस्मिथांनी केली आहे. त्याची वाढ मात्र सावकाश झाली. स्प्रिंगफील्डासच शिकलेल्या हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासेस वाय. एम. सी. ए. चे व्यायामशिक्षकांचे विद्यालय काढिले. तेथून तयार झालेले शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले व त्यांनी हा खेळ पसरविला. राष्ट्रीय सामने १९३४ साली दिल्लीस सुरू झाले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने नागपाडा येथे १९२७ साली रेव्ह. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या देखरेखीखाली शेजारधर्माचे केंद्र उघडले. कामगारांच्या त्या दाट वस्तीत हा खेळ असा रुजला की नागपाड्याचे नाव देशभर झाले. तेथल्याच मुशीतून निघालेले अब्बास मुंतसिर हिंदुस्थानच्या संघाचे नायक झाले व त्यांस १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या गल्ल्यांतून खेळणारी मुले बहुतेक मुसलमान होती. खेळ ज्यांनी काढला त्यांच्या धर्माची नव्हती, आणि त्यामुळे खेळाचे काही अडले नाही.

स्त्रियांनीही हा खेळ आरंभापासूनच उचलला. दुपारच्या सुट्टीत व्यायामशाळेवरून जाणाऱ्या काही शिक्षिका आतला गलका ऐकून डोकावल्या व आम्हांसही खेळू द्या म्हणाल्या. त्यांत मॉड शर्मन नावाची एक तरुण बाई होती; १८९४ साली तिचा नेस्मिथांशी विवाह झाला. त्यांस पाच मुले झाली.

नेस्मिथ पुढे डेन्व्हर शहरी गेले, तेथे काम करीत त्यांनी वैद्यकीचा अभ्यास केला, आणि १८९८ साली डॉक्टर होऊन कॅन्सस विद्यापीठात लॉरेन्स गावी आले. शरीरशिक्षण देणे व विद्यार्थ्यांची प्रार्थना चालविणे अशी दोन्ही कामे त्यांच्याकडे होती. तेथील बास्केटबॉल संघास १९०७ पर्यंत त्यांनी शिकविले. मौज अशी की त्या संघाने त्यांच्या हाताखाली ५५ सामने जिंकिले व ६० हरले; त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा अधिक सामने हरलेला गुरू एकच, आणि तो म्हणजे खेळाचा जनक. हारजितीचे त्यांस फारसे वाटत नसे. त्यांचा शिष्य फॉग अ‍ॅलन ह्या खेळाचा शिक्षक म्हणून नोकरीस निघाला तेव्हा, हा खेळ शिकवावयाचा नसतो, खेळावयाचा असतो, असे त्यांनी त्यास समजाविले. शिष्याने ऐकिले नाही व तो मोठा नामांकित गुरू झाला.

१९१६ च्या सुमारास त्यांस पाळकपणाची दीक्षाही मिळाली. मेक्सिकोच्या सरहद्दीवर पलटणीचे पाळक म्हणून, व पहिल्या महायुद्धात फ्रान्सात वाय. एम. सी. ए. च्या वतीने सुमारे दीड वर्ष, त्यांनी शिपायांत काम केले. परंतु वडील बहीण-भावंडांचा जो जिव्हाळा असतो त्याला लागलेला काटा निघाला नाही. अ‍ॅनीच्या मते भावाने नांगरास हात घालून मागे पाहिले होते. पुष्कळ वर्षांनी त्यांनी तिला विचारले की, मी उपदेशकाचे काम सोडले ह्याची तू मला क्षमा केलीस काय? तिने मान हलवून नाही म्हटले. तिने आयुष्यात बास्केटबॉलचा एकही सामना पाहिला नाही. आपल्या भावाने हा खेळ काढला ह्याची तिला थोडी लाजच वाटत असावी, असे नेस्मिथांनी स्वतः लिहून ठेविले आहे. आम्ही ह्यात अ‍ॅनीबाईस दोष देत नाही. पोरकेपणी ज्या भावासाठी तिने आशा धरली तो व्यासपीठावर असावा असे तिला वाटणे स्वाभाविक होते. परंतु तिच्या भावाने नांगर सोडला, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही. त्याने शेत बदलले. ते कसे, ह्याचा पुरावा पुढील गोष्टीत आहे.

१९३३ साली जॉन मक्लेंडन नावाचा एक निग्रो तरुण कॅन्सस विद्यापीठात शरीरशिक्षणाचा विद्यार्थी म्हणून आला. त्या वेळी तेथील बास्केटबॉल संघात काळ्या माणसास प्रवेश नव्हता, आणि पोहण्याच्या हौदातही तो नव्हता. मक्लेंडन हौदात उतरला तेव्हा नंतर त्यातील पाणी सोडून देण्यात आले असे सांगतात. पाण्याला हात लागल्याने पाणी बाटते ह्या समजुतीची फोड आमच्या वाचकांस करून सांगण्याची गरज नाही. ती समजूत सातासमुद्रांपलीकडेही होती एवढेच येथे पाहावे. सत्तरी ओलांडलेले नेस्मिथ ह्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि अखेर हौदावरील बंदी उठली. संघाचे दार मात्र त्यांच्या हयातीत उघडले नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हाताऱ्याच्या शब्दाला तेवढे वजन नव्हते. मक्लेंडन खेळावयास मिळाले नाही म्हणून गुरूजवळ बसून खेळ शिकला. १९३६ साली पदवी घेऊन तो निग्रोंच्या विद्यालयांत शिकवू लागला. ता. १२ मार्च १९४४ रोजी, रविवारी सकाळी, डरहॅम शहरातील लोक देवळांत असता, त्याने आपल्या विद्यालयाच्या व्यायामशाळेची दारे आतून लावून घेतली आणि गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघाशी आपला संघ खेळविला. दोन वर्णांच्या तरुणांनी एकत्र खेळणे तेथे कायद्याविरुद्ध होते. मक्लेंडनच्या संघाने ८८ गुण केले, गोऱ्यांनी ४४. त्यानंतर त्यांनी गडी वाटून घेतले व मिसळून दुसरा डाव खेळले. १९५७, १९५८ व १९५९ अशी लागोपाठ तीन वर्षे त्याच्या टेनेसी येथील संघाने लहान कॉलेजांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

१९३६ सालीच बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलचा प्रथम समावेश झाला. नेस्मिथांजवळ जाण्यापुरते पैसे नव्हते. खेळावर त्यांनी कधी हक्क सांगितला नव्हता की पेटंट घेतले नव्हते. अमेरिकेतील बास्केटबॉल शिक्षकांनी वर्गणी करून त्यांस पाठविले, आणि पहिल्या सामन्याचा चेंडू त्यांच्या हस्ते उडविण्यात आला. अखेरचा सामना ता. १४ ऑगस्ट रोजी उघड्यावर, मातीच्या मैदानात झाला. पाऊस कोसळत होता. मृगात आमच्या काळ्या रानात पाऊल टाकून पाहिलेल्यास तेथे काय झाले असेल ते कळेल. चेंडू टप्पाच घेईना. अमेरिकेने कानडाचा १९ विरुद्ध ८ असा पराभव केला. जन्माचा देश हरला, कर्माचा देश जिंकला. आणि पदके देणाऱ्यांत नेस्मिथ होते.

मॉडबाई १९३७ साली वारल्या. १९३९ च्या जून महिन्यात त्यांनी फ्लॉरेन्स किंकेड ह्या बाईंशी पुनर्विवाह केला, आणि त्याच वर्षी ता. २८ नोव्हेंबर रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन लॉरेन्स येथे त्यांचे देहावसान झाले. खेळाच्या उत्पत्तीविषयी त्यांनी लिहिलेले पुस्तक १९४१ साली, त्यांच्या मागून, प्रसिद्ध झाले. ते तेरा नियम असलेले दोन कागद त्यांच्या घराण्यात राहिले होते. डिसेंबर २०१० मध्ये नातवाने ते लिलावास काढिले, तेव्हा त्यांस त्रेचाळीस लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. घेणाऱ्या गृहस्थाने ते कॅन्सस विद्यापीठास दिले, व आता ते लॉरेन्स येथे काचेखाली ठेविलेले आहेत.